लोगो दिसत नाही, पण विंडोज उघडतं

या वेळी पत्रांचा गठ्ठा उघडला आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच तक्रार निघाली. बायोस, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा मदरबोर्डावरच्या चिपमधला प्रोग्राम, अपडेट केला आणि मशीन चालू करताना डिस्प्ले येईना. कुणाचं विंडोज तरी उघडतं, कुणाचं तेही नाही, कुणाचा लॅपटॉप नुसताच गरम होतो. बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले आहेत. सगळ्यांना एकच विनंती: उत्तर वाचेपर्यंत मशीनवर पुन्हा बायोस टाकू नका.

प्रश्न: ताई, माझ्याकडे तीन वर्षांपूर्वी जुळवलेला डेस्कटॉप आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, त्याला डिस्प्लेपोर्टने मॉनिटर जोडलाय. मदरबोर्डसाठी नवा बायोस आलेला दिसला, म्हणून पेनड्राइव्हवरून टाकला. टक्केवारी शंभरावर गेली, मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. तेव्हापासून बटण दाबलं की मॉनिटर ‘नो सिग्नल’ दाखवतो आणि काळा पडतो. पाऊण मिनिटाने एकदम विंडोजचा पासवर्ड समोर येतो. पुढे सगळं उत्तम चालतं, गेमसुद्धा. पण लोगो नाही, फिरणारे ठिपके नाहीत, आणि डिलीट दाबून बायोसमध्ये शिरलो तरी अंधारच. कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहिलं, शेवटी विंडोजसुद्धा फॉरमॅट मारलं. काही फरक नाही. कार्डाला एक एचडीएमआयची केबल आहे, ती भिंतीवरच्या टीव्हीला जाते, पण टीव्ही बंदच असतो. जुना बायोस परत टाकू का?

उत्तर: नको. आधी टीव्हीचा रिमोट हातात घ्या.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य शेवटून दुसरं आहे. टीव्ही बंद असतो, पण केबल लावलेली असते. एचडीएमआयच्या केबलमध्ये १९ पिना असतात. त्यातल्या १८ नंबरच्या पिनेवरून कार्ड ५ व्होल्ट पाठवतं. टीव्हीत एक चिमुकली चिप असते आणि तिच्यात टीव्हीची ओळख लिहिलेली असते: बनावट कोणाची, रिझोल्यूशन किती, हर्ट्झ किती. हा मजकूर १२८ बाइटांच्या तुकड्यांत असतो, त्याला ईडीआयडी म्हणतात. ही चिप वाचायला टीव्ही चालू असावा लागत नाही, कार्डाकडून आलेल्या ५ व्होल्टवरच तिचं भागतं. बऱ्याच टीव्हींमध्ये ‘मी जोडलेला आहे’ असं कळवणारी १९ नंबरची पिनही याच ५ व्होल्टवर उचलली जाते. म्हणजे तुमच्या लेखी टीव्ही झोपलेला आणि कार्डाच्या लेखी हजर. उलट डिस्प्लेपोर्टचे कित्येक मॉनिटर झोपले की हजेरीची खूण खाली टाकतात. तुम्ही बटण दाबता त्या क्षणी कार्ड हजेरी घेतं, त्यात टीव्ही सापडतो, मॉनिटर अजून डोळे चोळत असतो. मग लोगो कुठे जाणार? टीव्हीवर. विंडोज उघडताना ग्राफिक्सचा ड्रायव्हर येतो, तो सगळ्या पोर्टांची हजेरी नव्याने घेतो आणि मॉनिटरला चित्र मिळतं.

हे खरं आहे का ते पाहायला पाच मिनिटं लागतील. टीव्ही चालू करा, त्याच एचडीएमआयच्या इनपुटवर आणा आणि मग मशीन सुरू करा. लोगो भिंतीवर दिसला तर रोगाचं निदान झालं. त्यानंतर मशीन बंद करून एचडीएमआयची केबल कार्डाच्या बाजूने काढा आणि पुन्हा सुरू करा. आता लोगो मॉनिटरवर आला पाहिजे.

माझ्या टेबलावर असंच एक मशीन आलं होतं. मालकाने तोवर कार्ड बदललं होतं, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा बदलला होता आणि आता मदरबोर्ड बदलायच्या बेतात होता. माझ्याकडे आणल्यावर पहिल्याच फटक्यात लोगो दिसला, कारण माझ्या टेबलावर एकच मॉनिटर होता. मशीन परत गेलं आणि तासाभरात फोन आला, पुन्हा अंधार. मी म्हटलं, मागच्या बाजूचा फोटो पाठवा. फोटोत दोन केबली होत्या. दुसरी छतावरच्या प्रोजेक्टरला गेलेली. प्रोजेक्टर लावल्यावर बायोसचं पान भिंतभर उघडलं, आणि इतके दिवस अंधारात दाबलेल्या कळांचा परिणामही तिथेच दिसला: बूटचा क्रम उलटापालटा झालेला, घड्याळ मागे गेलेलं. म्हणून तुम्हालाही सांगते, न दिसणाऱ्या पानावर अंदाजाने कळा दाबू नका, आणि एफ१० तर अजिबात नको. बहुतेक मशीनवर ती केलेले बदल कायम करणारी कळ असते.

आता, हे अपडेटनंतरच का सुरू झालं? अपडेटमध्ये बायोसची सेटिंग बहुधा मूळ पदावर येतात. तुमच्या बोर्डात आधी सीएसएम चालू असेल तर ते आता बंद झालं असण्याची दाट शक्यता आहे. सीएसएम म्हणजे १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला जुना मार्ग उघडा ठेवणारा भाग. जुन्या मार्गाने चित्र काढताना कार्डातला एक प्रोग्राम चालतो, नव्या यूईएफआय मार्गाने दुसरा चालतो. या दुसऱ्याला गॉप म्हणतात. दोघांची पोर्ट निवडायची रीत एकसारखी असेलच असं नाही. कार्ड तेच, केबली त्याच, आणि चित्र मात्र वेगळ्या दारातून बाहेर.

केबल काढूनही लोगो आला नाही, तर मदरबोर्डाच्या स्वतःच्या एचडीएमआय पोर्टला मॉनिटर लावून पाहा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल आणि ‘प्रायमरी डिस्प्ले’चं सेटिंग बदललं गेलं असेल, तर बायोस तिथे दिसेल. दिसला की ते सेटिंग पीईजी किंवा पीसीआयई, म्हणजे वेगळ्या कार्डाचा स्लॉट, असं करा. मग ‘फास्ट बूट’ बंद करून पाहा. काही बोर्डांवर ते चालू असलं की बायोस स्क्रीन आणि यूएसबी जागं करायचं काम जमेल तितकं टाळतो, आणि मॉनिटरला जागं व्हायला चार-पाच सेकंद लागत असतील तर लोगो येऊन गेलेलाही कळत नाही. विंडोजमधूनही बायोसमध्ये जाता येतं: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, निळं पान येईल, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. डिलीट कळीशी झटापट करण्यापेक्षा हे सोपं.

मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती बदलायची सोय असेल, तर ती १.४ वरून १.२ करून पाहा. हा उपाय ऐकायला फुटकळ वाटतो, पण यामागे खरा इतिहास आहे. डिस्प्लेपोर्ट १.३ आणि १.४ चे मॉनिटर आल्यावर आधीच्या काही कार्डांना विंडोज उघडेपर्यंत त्यांच्यावर चित्र काढता येईना. एनव्हिडियाने २०१८ मध्ये आपल्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीच्या कार्डांसाठी फर्मवेअरची, म्हणजे चिपमध्येच लिहिलेल्या प्रोग्रामची, सुधारणा काढली, ती याचसाठी. लोक मदरबोर्डाच्या बायोसकडे बोट दाखवतात, पण कार्डातही एक बायोस असतो हे त्यांच्या ध्यानात येत नाही. कार्ड खूप जुनं असेल, साधारण २०१२ च्या आधीचं, तर त्यात गॉप नसेलही. अशा कार्डाला सीएसएम चालू करण्याखेरीज इलाज नाही, आणि त्यासाठी सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रामने मशीन सुरू होऊ न देणारं सेटिंग, बंद करावं लागतं. तुमचं कार्ड तीन वर्षांचं आहे, तुम्हाला याची गरज पडू नये.

फॉरमॅटबद्दल वाईट वाटलं. लोगो येतो तेव्हा डिस्कवरच्या विंडोजचं एक अक्षरही वाचलेलं नसतं. तेव्हाच्या अंधाराशी विंडोजचा संबंध नाही. बटण दाबल्यापासून लोगोपर्यंत बायोसचं राज्य, ठिपके फिरायला लागले की विंडोजचा लोडर, आणि पासवर्डच्या जरा आधीपासून ड्रायव्हर. चित्र कोणत्या टप्प्यात जातं हे घड्याळ लावून लिहून ठेवा. मला पत्र पाठवताना एवढंच कळवलंत तरी माझं अर्धं काम होतं.

जुना बायोस परत टाकण्याबद्दल: नव्या बायोसमध्ये प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचना, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, आणि काही बोर्ड मागे जाऊच देत नाहीत. एका केबलीसाठी ती जोखीम घेऊ नका.

प्रश्न: मॅडम, नवीन मशीन आहे, डीडीआर५ च्या चार रॅम मिळून ६४ जीबी. बायोस अपडेट केला, त्यानंतर डिस्प्लेच नाही. पंखे फिरतात, कीबोर्डचे दिवे लागत नाहीत. एक मिनिट वाट पाहून बंद केलं, पुन्हा लावलं, पुन्हा बंद केलं. असं आठ-दहा वेळा झालं. बोर्डावर डीरॅम लिहिलंय तिथला दिवा जळतो. बायोस उडाला का?

उत्तर: उडालेला नाही असं मला वाटतं. तुम्ही त्याला काम पुरं करू दिलेलं नाही.

रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारा बारीक आणि वेग अफाट. कोणत्या तारेवर सिग्नल किती उशिरा पोचतो हे मोजून बायोस प्रत्येकीचं माप जुळवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एकदा जुळवलेली मापं तो साठवून ठेवतो, म्हणून रोज वेळ लागत नाही. अपडेटने ती मापं पुसली जातात आणि पहिल्यांदा सुरू करताना सगळं पुन्हा पहिल्यापासून. डीडीआर५ मध्ये, त्यातही चार रॅम असतील तर, याला कित्येक मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी आणि डीरॅमचा दिवा लागलेला. मध्येच मशीन स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होतं, तेही यातच मोडतं. तुम्ही एका मिनिटाला बटण दाबलंत की मोजणी परत पहिल्या तारेवर.

आता एकदा लावा आणि खोलीतून बाहेर जा. वीस मिनिटांनी या.

तरीही अंधार असेल तर भिंतीवरचा स्विच बंद करा, एसएमपीएसची केबल काढा, कॅबिनेटचं बटण दहा सेकंद दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. मग बायोसची सेटिंग पुसली जावीत म्हणून मदरबोर्डावरचा चपटा सेल काढा. सीआर२०३२ लिहिलेला, ३ व्होल्टचा. खाचेत नखाने हलकं दाबलं की तो स्वतः वर येतो, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका, मी त्या पायी तुटलेली क्लिप पाहिलीय. पाच मिनिटांनी परत बसवा, लिहिलेली बाजू वर. बोर्डावर सीएमओएस, म्हणजे हीच सेटिंग, क्लिअर करायच्या दोन पिना असतील तर पुस्तिकेत पाहून त्या काही सेकंद जोडल्या तरी काम होतं. यानंतर एकच रॅम ठेवा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा स्लॉट घ्या. पुन्हा लावून वाट पाहा. एका रॅमवर उठलं की एकेक वाढवा. एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं तयार सेटिंग, आधी चालू होतं म्हणून लगेच लावायची घाई नको, चारही रॅम साध्या वेगावर दोन दिवस नीट चालू देत.

एवढ्यानेही काही झालं नाही, तर बोर्डाच्या मागे पोर्टांच्या रांगेत फ्लॅशबॅकचं छोटं बटण आहे का पाहा. असेल तर तुमचा बोर्ड मेलेल्या बायोसवरूनही उठवता येतो. पेनड्राइव्ह एफएटी३२ ने फॉरमॅट करायचा, बायोसच्या फाइलला पुस्तिकेत दिलेलं नेमकं नाव द्यायचं, खूण केलेल्या पोर्टातच पेनड्राइव्ह लावायचा आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायला लागतो. तो थांबेपर्यंत हात लावायचा नाही. इथे एक फरक नीट लक्षात घ्या. मेमरी ट्रेनिंग चालू असताना वीज गेली तर बहुधा नुकसान नाही, काम परत सुरू होतं. बायोस लिहिला जात असताना वीज गेली तर चिप अर्धवट लिहिली जाते. दोन्ही वेळी स्क्रीन काळीच असते, म्हणून लोक गफलत करतात.

अर्धवट लिहिलेली चिप म्हणजे काय हे मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९९ मध्ये. २६ एप्रिलला सीआयएच नावाचा व्हायरस जगभरात फुटला. तो हार्ड डिस्कची सुरुवात तर पुसायचाच, पण जमेल तिथे बायोसची चिपही खराब करायचा. मी तेव्हा दुरुस्तीच्या कामात नवी होते. टेबलावर मशीन येत होती, पंखा फिरतोय, बीप नाही, डिस्प्ले नाही. माझ्या गुरूंनी त्या आठवड्यात मला एक गोष्ट शिकवली. तेव्हाची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असायची, चौकोनी, चारही बाजूंना मिळून ३२ पाय. त्याच मॉडेलचा चांगला बोर्ड सुरू करायचा, डॉसवर आणायचा, आणि चालू बोर्डावरची चांगली चिप वर उचलून घ्यायची. चिपच्या खालून आधीच दोऱ्याचा फास ओवून ठेवलेला असे, म्हणजे धातूचं काही आत घालावं लागत नसे. दोरा सरळ वर ओढायचा, तिरका नाही. मग मेलेली चिप त्या जागी दाबून बसवायची आणि तिच्यावर बायोस लिहायचा. बोर्ड चालू राहतो, कारण तोवर बायोसचं काम मेमरीतून चाललेलं असतं. पहिल्यांदा दोरा ओढला तेव्हा माझा हात इतका थरथरत होता की गुरूंनी माझं मनगट धरलं होतं. मशीन पुन्हा लावल्यावर तो एक छोटा बीप ऐकला, आणि या कामातून मी आजतागायत बाहेर पडलेले नाही.

आताची चिप सहसा आठ पायांची असते आणि बोर्डाला डकवलेली. तिला चिमट्यासारखी क्लिप लावून बाहेरून लिहिता येतं, पण हे काम ज्याला येतं त्याच्याकडेच द्या. देताना दोन गोष्टी बजावा. लिहिण्याआधी जुन्या मजकुराची प्रत काढून ठेवायला सांगा, लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि विंडोजची की त्याच चिपमध्ये असू शकते. आणि चिप ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची हे आधी बघायला सांगा. १.८ च्या चिपला ३.३ दिले तर ती जळू शकते.

प्रश्न: ताई, लॅपटॉपने स्वतःच फर्मवेअर अपडेट केला. तेव्हापासून स्क्रीन पूर्ण काळी, पण सुरू झाल्याचा आवाज येतो आणि कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो. परीक्षा जवळ आली आहे, प्रोजेक्ट त्यातच आहे.

उत्तर: प्रोजेक्ट सुरक्षित असणार, आधी धीर धरा. कॅप्स लॉकचा दिवा ऐकतोय म्हणजे मशीन जिवंत आहे.

रात्री खोलीतला दिवा घालवा. लॅपटॉप सुरू करून दोन मिनिटं थांबा आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनच्या अगदी जवळ, तिरकी धरा. हळूहळू सरकवा. काळ्या काचेच्या आत धुरकट घड्याळाचे आकडे किंवा पासवर्डची चौकट दिसते का? एलसीडी स्वतः उजेड देत नाही, मागचा दिवा तिला उजळतो. आकडे दिसले तर चित्र तयार होतंय, मागचा दिवा तेवढा लागत नाही. स्क्रीन ओलेड असेल तर ही चाचणी लागू नाही, तिच्यात मागचा दिवाच नसतो.

आकडे दिसले तर पहिल्यांदा ब्राइटनेस वाढवायची कळ वीसेक वेळा दाबा, एफएन धरून आणि न धरता, दोन्ही प्रकारे. मग लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. लॅपटॉपमध्ये एक छोटा कंट्रोलर वेगळा असतो, तो बटण, बॅटरी, पंखा सांभाळतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये ब्राइटनेसही. फर्मवेअरबरोबर त्याचाही प्रोग्राम बदलला जातो आणि साधं रीस्टार्ट केल्याने तो रीसेट होत नाही, कारण त्याची वीज कधी तुटतच नाही. एवढ्या एका उपायाने उठलेले लॅपटॉप मी मोजलेले नाहीत, इतके आहेत. तरीही दिवा लागला नाही तर टीव्ही किंवा मॉनिटर जोडा, विंडोज आणि पी एकत्र दाबून डिस्प्ले बदला, आणि दुरुस्तीच्या आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घ्या. लिनक्स वापरत असाल तर कर्नलच्या ओळीत एसीपीआय बॅकलाइटचा पर्याय नेटिव्ह करून पाहा, अपडेटनंतर ब्राइटनेसची वाट बदललेली असते तेव्हा तो उपयोगी पडतो.

टॉर्चमध्ये काहीच दिसलं नाही आणि बाहेरच्या मॉनिटरवरही अंधार असेल, तर लॅपटॉपच्या कंपनीने दिलेली बायोस रिकव्हरी करावी लागेल. एचपीच्या बऱ्याच मॉडेलवर विंडोज आणि बी दाबून धरून पॉवरचं बटण दोन-तीन सेकंद दाबतात. डेलच्या बऱ्याच मॉडेलवर कंट्रोल आणि एस्केप धरून चार्जर लावतात. चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असू द्या.

प्रश्न: बायोस अपडेटनंतर डिस्प्ले येतो, पण निळं पान येतं आणि ४८ आकडी की मागतं. की कुठली? मला कुणी दिलीच नाही.

उत्तर: ती बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की. फर्मवेअर बदलला की टीपीएमला, म्हणजे कुलपाची किल्ली सांभाळणाऱ्या मशीनमधल्या चिपला, मशीन ओळखीचं वाटत नाही, म्हणून कुलूप उघडायला तो नकार देतो. दुसऱ्या मशीनवर किंवा मोबाइलवर तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, उपकरणांच्या यादीत की सापडण्याची शक्यता चांगली आहे. मशीन ऑफिसचं असेल तर तिथल्या आयटीवाल्यांकडे विचारा. पानावर कीचा आयडी दिलेला असतो, तो जुळवून मगच आकडे टाका. कुणी कितीही सांगितलं तरी की शोधून होईपर्यंत फॉरमॅट मारू नका, आतला डेटा मग परत येत नाही. पुढच्या वेळी अपडेटच्या आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

प्रश्न: मशीन सुरू होताना कंपनीच्या लोगोच्या जागी मी माझ्या वडिलांचा फोटो लावला होता. ते गेल्यावर लावला. अपडेटनंतर कंपनीचा लोगो परत आला आणि फोटो गेला. जुना बायोस टाकला तर फोटो परत येईल का?

उत्तर: येणार नाही. तुमचा फोटो बहुधा बायोसच्याच चिपमध्ये एका कप्प्यात ठेवलेला होता. अपडेटने ती जागा नव्याने लिहिली. जुना बायोस टाकलात तरी जुना कंपनीचा लोगोच येईल.

पुन्हा लावता येईल का, हे बोर्डाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये लोगो बदलायची सोय ठेवली आहे का यावर अवलंबून आहे. असेल तर फोटोचा प्रकार आणि आकार किती चालतो ते तिथेच लिहिलेलं असतं, त्यात बसेल अशी फोटोची लहान प्रत करा. सोय नसेल तर त्यासाठी मागे जाऊ नका, आणि याचं कारण तुमच्या प्रश्नाशीच जोडलेलं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लोगोफेल नावाचा दोष जाहीर झाला. लोगोचं चित्र वाचणारा बायोसमधला जो प्रोग्राम, त्यातच भोकं होती. मुद्दाम बिघडवलेलं चित्र लोगोच्या जागी ठेवलं तर विंडोज सुरू व्हायच्या आधीच मशीनचा ताबा घेता येत होता. त्या भोकांच्या दुरुस्त्या त्यानंतरच्या बायोस अपडेटमधून आल्या. तुम्ही टाकलेल्या अपडेटमध्ये ती असेल तर तिला उखडू नये.

तोवर फोटो विंडोजच्या लॉक स्क्रीनला लावा. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन, आणि तिथे ‘पिक्चर’ निवडा. लोगोपेक्षा काही सेकंद उशिरा दिसेल, पण पूर्ण रिझोल्यूशनमध्ये. आणि मूळ फाइल त्या एकाच मशीनवर असेल तर आजच तिची दुसरी प्रत एखाद्या पेनड्राइव्हवर काढून ठेवा.